जिनिंगच्या काट्यावर एसक्यूलाइट: बोलतो खरं, पण कुठे कुठे गप्प बसतो

एसक्यूलाइट या डेटाबेसला, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या सॉफ्टवेअरला, पाचपैकी चार तारे. एक तारा का कापला ते पुढे येईलच. पण हे परीक्षण वेगाचं नाही, एवढं आधी सांगते. सेकंदाला किती हजार नोंदी होतात हे मोजायची आमच्याकडे वेळच येत नाही. ऐन हंगामातही काट्यावर गाडी चढायला आणि उतरायला दोन-चार मिनिटं लागतातच. आमचा प्रश्न वेगळा असतो. नोंद झाली नाही तर डेटाबेस तसं सांगतो का, कसं सांगतो, आणि ते ऐकून आपल्या प्रोग्रामने काय करायचं.

मी दारव्ह्याला राहते. दारव्हा, दिग्रस, आर्णी या पट्ट्यातल्या जिनिंगवाल्यांना आणि कृषी केंद्रांना छोटे प्रोग्राम लिहून देते. काट्याची पावती, चुकाऱ्याची यादी, खत-बियाण्याचा साठा, अशी कामं. भाषा पायथन. कम्प्युटर बहुतेक ठिकाणी मालकाच्या मुलाने शिक्षण झाल्यावर टाकून दिलेला. काट्याच्या केबिनमध्ये तो लोखंडी टेबलावर असतो, बाजूला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, दोघांवरही रुईची लव बसलेली. खिडकीबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत. लाईन कधी जाईल त्याचा नेम नाही. इन्व्हर्टर आहे, पण त्याची बॅटरी कोणत्या सालची हे कुणाला आठवत नाही. हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून पुढचं वाचा. पुण्यातल्या एसी खोलीत बसणाऱ्याला हाच डेटाबेस वेगळा वाटू शकतो.

एसक्यूलाइट विकत घ्यावा लागत नाही. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली काढला आणि त्यावरचा हक्कच सोडून दिला. परवाना नाही, वार्षिक वर्गणी नाही. तो जन्मला तोच एका एररमुळे. हिप अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेसाठी एका सॉफ्टवेअरवर काम करत होते आणि त्याचा डेटा इन्फॉर्मिक्स नावाच्या डेटाबेसच्या सर्व्हरवर होता. सर्व्हर बंद असला की त्यांचा प्रोग्राम ‘जोडणी होत नाही’ एवढंच म्हणू शकायचा, आणि वापरणाऱ्याच्या लेखी बिघडलेला असायचा तो प्रोग्रामच. मग मधला सर्व्हर काढूनच टाकू, प्रोग्रामने थेट डिस्कवरच्या फाइलशी बोलावं, असा विचार निघाला.

आमच्यासाठी या एका निर्णयाची किंमत मोठी आहे. एका जिनिंगमध्ये माझ्या आधी दुसऱ्या कुणाचं सर्व्हरवालं सॉफ्टवेअर होतं. लाईन जाऊन आली की विंडोज सुरू व्हायचं, पण डेटाबेसची सर्व्हिस मागे राहायची, आणि काट्यावरच्या पोराला इंग्रजीत चार ओळींचा लाल डबा दिसायचा. त्याचा उपाय ठरलेला: बटण दाबून धरायचं, कम्प्युटर बंद, पुन्हा चालू. बाहेरून शेतकरी ओरडणार, “काऊन थांबलं बाप्पा? मांगं लाईन लागली ना!” सर्व्हर सापडला नाही, पोर्ट बंद आहे, पासवर्ड चुकला, ही एररची अख्खी जात एसक्यूलाइटमध्ये नाहीच. माझ्या चार ताऱ्यांतला पहिला याचा.

आता ज्या एररने सगळ्यांची भेट होते तिच्याकडे येते: ‘डेटाबेस इज लॉक्ड’. कोड नंबर ५.

एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो. काट्याचा प्रोग्राम पावती लिहीत असताना दिवाणजींच्या खोलीतून चुकाऱ्याची नोंद आली, तर दुसऱ्याने थांबायचं. किती थांबायचं हे आपण सांगायचं असतं. मूळ सी लायब्ररीत काहीच सांगितलं नाही तर तो क्षणभरही थांबत नाही, लगेच एरर देतो. पायथन आपल्या बाजूने पाच सेकंद थांबतो. इंटरनेटवर या एररसाठी दहापैकी नऊ जण सांगतात की टाइमआउट वाढवा आणि वॉल मोड लावा. वॉल मोड, म्हणजे बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत, २०१० पासून आहे आणि तो लावायलाच हवा. त्याने वाचणारे आणि लिहिणारे एकमेकांच्या आड येत नाहीत, दिवाणजी यादी बघत बसले तरी काटा चालू राहतो.

पण टाइमआउट वाढवूनही ही एरर येते, आणि तीही क्षणात, पाच सेकंद न थांबता. तेव्हा लोक डोकं धरून बसतात. होतं असं: प्रोग्रामने साध्या ‘बिगिन’ने व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्क्या किंवा एकत्रच रद्द करायच्या नोंदींचा गठ्ठा) उघडला, आधी शेवटचा पावती क्रमांक वाचला, आणि मग नवी पावती लिहायला गेला. वाचणं आणि लिहिणं यांच्या मध्ये दुसऱ्या कुणी तरी लिहून कमिट, म्हणजे पक्कं, केलेलं असेल, तर आपण वाचलेलं चित्र शिळं झालेलं असतं. आता कितीही थांबलं तरी ते ताजं होणार नाही, म्हणून एसक्यूलाइट थांबतच नाही. विस्तारित कोड, म्हणजे एररचा जास्त तपशील सांगणारा आकडा, बघितला तर तो ५ नसून ५१७ असतो. संदेशाचे शब्द मात्र तेच, ‘डेटाबेस इज लॉक्ड’. दोन वेगळ्या दुखण्यांना एकच वाक्य, ही माझी तक्रार आहे.

उपाय सोपा आहे. ज्या व्यवहारात लिहायचंच आहे तो ‘बिगिन इमीजिएट’ने उघडायचा. मग लिहिण्याचा हक्क सुरुवातीलाच मिळतो किंवा तिथेच रांगेत थांबणं होतं, आणि थांबण्याला अर्थ असतो. पायथनचं सवयीचं वागणं असं की तो पहिल्या इन्सर्टच्या आधी स्वतःच साधा ‘बिगिन’ टाकतो; ते बंद करून मी व्यवहार हाताने उघडते. तरीही एरर आलीच तर पुन्हा प्रयत्न करायचा तो पूर्ण व्यवहाराचा, फक्त शेवटच्या ओळीचा नाही. पावती क्रमांकही पुन्हा वाचायचा. थोडं थांबून, मोजक्या वेळा, आणि मग माणसाला सांगायचं. नोंद होईपर्यंत फिरत राहणारा लूप लिहिलात तर काट्यावरच्या पोराला स्क्रीन मेलेली दिसेल, आणि त्याचा उपाय काय असतो ते वर आलंच आहे.

आता पायथनबद्दल. हा एसक्यूलाइटचा दोष नाही, पण वापरणाऱ्याला तो एकत्रच भोगावा लागतो. ‘ऑपरेशनल एरर’ नावाच्या एकाच पोत्यात रुई, सरकी आणि मातेरं सगळं भरलेलं आहे. लॉक झालं तरी ऑपरेशनल एरर, डिस्क भरली तरी तीच, आणि टेबलचं नाव लिहिताना अक्षर चुकलं तरी तीच. पहिल्यात पुन्हा प्रयत्न करायचा, दुसऱ्यात माणसाला बोलवायचं, तिसऱ्यात प्रोग्राम लिहिणारीने स्वतः उठायचं. कित्येक जण यावर संदेशाच्या वाक्यात ‘लॉक्ड’ हा शब्द शोधतात. २०२२ च्या पायथन ३.११ पासून एररसोबत कोड नंबर आणि त्याचं नावही मिळतं. त्याआधीचा पायथन असेल तर सॉफ्टवेअर लिहिण्याआधी तो बदला, यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

विस्तारित कोडची रचना मला आवडली. त्याच्या शेवटच्या आठ बिटांत मूळ कोड असतो. २०६७ म्हणजे युनिकचा (तीच किंमत दोनदा नको) भंग, ७८७ म्हणजे फॉरेन कीचा (दुसऱ्या टेबलमध्ये नसलेल्या नोंदीचा उल्लेख नको), २७५ म्हणजे चेकचा (आपण घातलेली अट). तिन्हींना २५६ ने भागा, बाकी १९ च उरते, आणि १९ म्हणजे कुठला तरी नियम मोडला. प्रोग्राममध्ये आधी ढोबळ फाटा फोडायचा आणि मग हवा तिथे बारीक.

या १९ च्या घराण्याबद्दल लोकांचा समज असा की ही वाईट बातमी. माझ्या प्रोग्राममध्ये २०६७ बहुतेक वेळा चांगली बातमी असते. काट्यावरचा पोरगा ‘जतन करा’चं बटण दोनदा दाबतो. माउस जुना आहे, स्क्रीन हळू आहे, त्याचा दोष नाही. म्हणून वजनाचा फॉर्म उघडतानाच मी त्याला एक खूण देते आणि टेबलमध्ये त्या खुणेवर युनिक लावते. दुसऱ्यांदा दाबलं की २०६७ येतो, म्हणजे पहिली नोंद झालेली आहे. अशा वेळी लाल डबा दाखवायचा नाही. आधीचीच पावती शोधून समोर ठेवायची. पोराला काही घडल्याचं कळतही नाही.

दुसरा युनिक गाडीवर आहे. एमएच २९ ची एखादी ट्रॉली भरून काट्यावर चढली, भरतीचं वजन झालं, पण कापूस खाली करून रिकामं वजन अजून व्हायचं आहे, तोवर त्याच गाडीचं दुसरं भरतीचं वजन होता कामा नये. यासाठी अर्धवट इंडेक्स चालतो: फक्त अपुऱ्या तोलांपुरता युनिक. हा २०६७ वेगळा. यात खरंच माणसाला विचारावं लागतं, की आधीचा तोल रद्द करायचा की गाडीचा नंबर चुकला. दोन्हींचा कोड एकच, मग ओळखायचं कसं? इथे एसक्यूलाइटचा संदेश कामाला येतो. कोणत्या टेबलचा कोणता रकाना ते तो स्पष्ट लिहितो.

चेकच्या बाबतीत तर त्याने मला खूश केलं. चेकला आपण नाव दिलं असेल तर संदेशात ते नाव येतं, आणि एसक्यूलाइटला नाव देवनागरीत चालतं. माझ्या तोलाच्या टेबलवर ‘रिकामं_वजन_भरतीपेक्षा_जास्त’ नावाचा चेक आहे. तो मोडला की संदेशाच्या शेवटी हेच शब्द येतात. लॉग वाचायला बसलं की अंदाज करावा लागत नाही.

आणि मग फॉरेन की. इथे अर्धा तारा गेला.

पहिलं म्हणजे फॉरेन कीचा नियम टेबलमध्ये लिहिलेला असला तरी तो पाळला जात नाही. प्रत्येक नव्या जोडणीत प्राग्मा, म्हणजे सेटिंगचा आदेश, देऊन तो सुरू करावा लागतो. विसरलात तर खातेदारच नसलेल्या माणसाच्या नावाने चुकाऱ्याची नोंद मुकाट्याने आत जाते. त्यातही व्यवहार उघडल्यावर तो प्राग्मा दिला तर काहीच होत नाही आणि काहीच सांगितलंही जात नाही. दुसरं, नियम सुरू केल्यावर तो मोडला तर संदेश येतो ‘फॉरेन की कॉन्स्ट्रेंट फेल्ड’. बस. कोणत्या टेबलची, कोणत्या रकान्याची, काही नाही. युनिकला नाव सांगणारा हाच डेटाबेस इथे तोंड मिटतो. आत तो फक्त किती नियम तुटले याचा आकडा ठेवतो, नावं ठेवत नाही, म्हणून असं होतं. कारण कळलं तरी रात्री दहाला दिवाणजींचा फोन आला की राग यायचा तो येतोच.

दुसरा अर्धा तारा रकान्यांच्या प्रकारांचा. यावर थोडं रेंगाळते, कारण आपल्या भाषेत काम करणाऱ्यांना हा खड्डा इतरांपेक्षा जवळ आहे.

काट्याच्या इंडिकेटरमधून वजन केबलने येतं ते ठीक. पण केबल सुटली की हाताने टाकावं लागतं, आणि दिवाणजींचा कीबोर्ड बहुतेक वेळ मराठीवर असतो. त्यांनी टाकलं १२४०, देवनागरी आकड्यांत. पायथनला विचारलं की हे अंक आहेत का, तर तो हो म्हणतो. देवनागरी अंकही त्याला अंकच वाटतात. म्हणजे तुमची तपासणी पास. मग तीच अक्षरं तुम्ही तशीच डेटाबेसला दिली, तर एसक्यूलाइट त्यांना आकडा समजत नाही. रकाना आकड्यांचा असला तरी तो तक्रार न करता ती मजकूर म्हणून ठेवून देतो. पडद्यावर १२४० दिसतं. संध्याकाळी बेरीज घेतली की त्या ओळीचं वजन शून्य धरलं जातं. सगळ्यात मोठं वजन विचारलं तर तीच ओळ वर येते, कारण त्याच्या लेखी मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा. एरर कुठेच नाही. बेरीज जुळत नाही एवढंच कळतं, आणि संशय जातो काट्यावरच्या पोरावर.

एसक्यूलाइटच्या बाजूने सांगायचं तर २०२१ मध्ये ३.३७ आवृत्तीत त्यांनी स्ट्रिक्ट टेबल आणलं. टेबल बनवताना शेवटी तो एक शब्द लिहिला की अशी नोंद आत शिरत नाही. या रकान्यात मजकूर ठेवता येत नाही, असं रकान्याच्या नावासकट सांगतो. शिवाय मिळालेला मजकूर आधी पायथनच्या इंट किंवा फ्लोटमधून काढायचा, म्हणजे त्याचा खरा आकडा होतो. पायथनचं इंट देवनागरी अंक नीट वाचतं, म्हणजे दिवाणजींना कीबोर्ड बदलायला सांगायची गरज नाही. मी किलो आणि पैसे दोन्ही पूर्णांकातच ठेवते. पण हे सगळं मागितल्यावर मिळतं, न मागता नाही. अर्धा तारा त्याचाच.

जाता जाता नावांचं. ‘वऱ्हाडे’ आडनावातला ‘ऱ’ दोन प्रकारे टाइप होतो, एका अक्षराचा किंवा र आणि खाली नुक्ता. दिसायला सारखे, बाइट वेगळे, म्हणून युनिक त्यांना दोन माणसं समजतो. आत घेण्याआधी युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे दोन्हींना एकच रूप देणं, करून घ्या.

आता पावती. माझ्या मते सगळ्या लेखातला महत्त्वाचा भाग हा. एका पावतीमागे माझ्या प्रोग्राममध्ये तीन नोंदी असतात: तोल, ओलावा आणि मातेऱ्याची कपात, आणि चुकाऱ्याचं देणं. तिसरी नोंद नियम मोडून फसली तर एसक्यूलाइट फक्त ती तिसरीच मागे घेतो. आधीच्या दोन तशाच, व्यवहार उघडा. कोणी एरर पकडून ‘पास’ (काहीच करू नको) लिहून पुढे गेलं असेल आणि खाली कमिट असेल, तर देण्याशिवायचा तोल कायमचा लिहिला जातो. पोस्टग्रेस या सर्व्हरवाल्या डेटाबेसमध्ये हे होत नाही. तिथे एक ओळ फसली की व्यवहार बाद, रोलबॅक करून सगळं मागे घेईपर्यंत पुढचं काही ऐकूनच घेत नाही. एसक्यूलाइटची ढिलाई काही ठिकाणी सोयीची पडते हे खरं, पण नवख्या हातात ती बरी नाही. उलट डिस्क भरली किंवा लिहिताना डिस्कनेच दगा दिला, तर एसक्यूलाइट कधीकधी अख्खा व्यवहार स्वतःहून मागे घेतो. तेव्हा एरर गिळून पुढची ओळ चालवली तर ती व्यवहाराबाहेर, एकटी, लगेच पक्की होते. म्हणून एरर आली की व्यवहार अजून उघडा आहे का हे जोडणीला विचारायचं, असेल तर रोलबॅक, आणि मगच पुढे. पायथनचा ‘विथ’ ब्लॉक यातलं बरंच करतो. एवढंच की तो जोडणी बंद करत नाही, तसं बऱ्याच जणांना वाटतं.

आणि प्रिंटर कमिटनंतर. कमिटसुद्धा फसू शकतो, हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं. माझ्या आधी तिथे होतं त्या दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पावती आधी छापली जायची आणि जतन नंतर. मला तिथे बोलावलं तेच या कारणाने: “ताई, पावती तं निघाली, पन यादीत दिसून नाही राह्यली.” २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. बारा क्विंटल चाळीस किलोची एक पावती म्हणजे ९३,२६० रुपये चाळीस पैसे. शेतकऱ्याच्या हातात कागद, मालकाच्या कम्प्युटरमध्ये काहीच नाही, आणि मध्ये दिवाणजी. कमिट परत आल्याशिवाय प्रिंटरला हात लावायचा नाही. छापताना कागद अडकला तर नोंद आहेच, पुन्हा छापता येते.

लाईन जाण्याबद्दल एसक्यूलाइटला पूर्ण गुण. त्यांच्या चाचण्यांमध्ये मेमरी संपणं, डिस्कचा एरर, मध्येच वीज जाणं, हे सगळं मुद्दाम घडवून बघतात, आणि ते जाणवतं. अर्धवट व्यवहार पुढच्या वेळी फाइल उघडताना आपोआप मागे जातो. एक सेटिंग मात्र बघून घ्या. वॉल मोडसोबत सिंक्रोनस (लिहिलेलं डिस्कवर खरंच पोचायची किती वाट बघायची ते) ‘नॉर्मल’ ठेवा असा सल्ला सगळीकडे दिसतो. वेग वाढतो, फाइलही बिघडत नाही, पण लाईन गेली तर शेवटचे काही कमिट जाऊ शकतात. कमिट झालं, पावती छापली, लाईन गेली, नोंद गायब. आमच्या कामाला हे परवडत नाही. मी ‘फुल’च ठेवते. दोन-चार मिनिटांनी एक गाडी असताना वाचवलेल्या मिलिसेकंदांचं लोणचं घालायचं का?

मात्र डेटाबेसने कितीही काळजी घेतली तरी माणसं त्याच्याही पुढे असतात. मुख्य फाइलच्या शेजारी ‘वॉल’ किंवा ‘जर्नल’ शेपटी असलेली फाइल दिसली की कुणी तरी ती कचरा म्हणून उडवतं. ती कचरा नाही, ताजा हिशोब तिच्यात असू शकतो. दिवाणजी रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर मुख्य फाइल तेवढी कॉपी करायचे; प्रोग्राम चालू असताना अशी घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. त्यांना मी आता एक बटण दिलंय, जे ‘व्हॅक्यूम इनटू’ने पूर्ण प्रत काढतं. त्या नावाची फाइल आधीच असेल तर हा आदेश नकार देतो, म्हणून नावात तारीख आणि वेळ घालते. प्रत निघाली की तिच्यावरच इंटिग्रिटी चेक, म्हणजे फाइल धड आहे का याची तपासणी, चालवते. उत्तर ‘ओके’ आलं तरच हिरवी खूण.

डिस्क भरण्याचा एरर, कोड १३, आमच्याकडे पाहुण्यांच्या लग्नाच्या व्हिडिओंमुळे येतो. त्यावर पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नसतो. प्रोग्राम सुरू होतानाच किती जागा उरली ते बघते आणि कमी असेल तर हंगामाच्या गर्दीआधी सांगते. कोड ११, म्हणजे फाइल खराब, किंवा २६, म्हणजे ही डेटाबेसची फाइलच नाही, असं आलं तर प्रोग्राम नोंदी लिहिणं पूर्ण थांबवतो. अशा फाइलवर आणखी लिहिणं म्हणजे नुकसान वाढवणं. छापील पावतीपुस्तक काढायचं, हाताने लिहायचं, मला फोन करायचा.

यावर एका मालकाशी माझं वाजलं. ते म्हणाले, “एवढं नाटक कायले करता? काहीही झालं तं ‘पुन्हा दाबा’ लिवा ना.” मी तसं लिहिलं नाही. स्क्रीनवर आता तीनच प्रकारची वाक्यं येतात. ‘थोडं थांबा, नोंद होत आहे’, यात कुणी काही करायचं नसतं. ‘या गाडीचं रिकामं वजन बाकी आहे, नंबर तपासा’, यात पोराने बघायचं. आणि ‘काटा थांबवा, पावतीपुस्तक वापरा’, खाली मोठ्या अक्षरात आकडा, जो फोनवर वाचून दाखवता येतो. इंग्रजी संदेश, कोड, कोणता व्यवहार, कोणती वेळ, हे सगळं बाजूच्या साध्या मजकूर फाइलमध्ये जातं. डेटाबेसमध्ये नाही, जो लिहू देत नाही त्यालाच त्याची तक्रार लिहून ठेव म्हणणं चालणार नाही. त्या फाइलमध्ये शेतकऱ्याचं नाव, आधार, बँक खातं घालत नाही, कारण ती व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्याकडे येते आणि वाटेत कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये राहते सांगता येत नाही.

कुणी घेऊ नये तेही सांगते. डेटाबेसची फाइल नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवून चार कम्प्युटरवरून उघडायचा बेत असेल तर एसक्यूलाइट नको. तिथे फाइलची कुलपं भरवशाची नसतात आणि वॉल मोड तर चालतच नाही. माझ्याकडे दिवाणजींचा कम्प्युटर फाइलला हात लावत नाही, काट्याच्या कम्प्युटरवरच्या छोट्या सर्व्हरला विचारतो. एका मालकाचे दोन-तीन जिन, सगळ्यांचा हिशोब यवतमाळच्या ऑफिसात एकत्र, असं असेल तर सरळ पोस्टग्रेस घ्या. त्याचे पाच अक्षरी कोड सगळ्या भाषांत सारखे मिळतात, युनिक मोडला तर २३५०५ सोबत नियमाचं नाव आणि नेमकी कोणती किंमत आधीपासून आहे तेही सांगतो, आणि फॉरेन कीच्या बाबतीतही तसाच बोलका आहे. फक्त मग लाईन आल्यावर सर्व्हिस सुरू झाली का हे बघायला कुणी तरी लागेल, आणि गावाकडचं इंटरनेट तुटलं तर काटा थांबू नये म्हणून पावती आधी जागेवर लिहून नंतर वर पाठवावी लागेल. ती जागेवरची नोंद मी एसक्यूलाइटमध्येच ठेवते.